चित्रपटांचे ट्रेलर कसे बदलत आहेत आणि पुढे काय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलर ही शेवटी जाहिरातच आहे. मग तिच्या बदलांकडे एवढ्या गांभीर्याने का पाहायचे?

ट्रेलर ही जाहिरात आहेच, परंतु ती ज्या कलाकृतीची जाहिरात आहे त्याच कलाकृतीतून कापून काढलेली असते. साबणाच्या जाहिरातीतून साबणाचा वास येत नाही. ट्रेलरमध्ये मात्र चित्रपटाचा प्रत्यक्ष तुकडाच आपल्या हाती येतो, आणि म्हणून त्याच्यावर आपण इतर जाहिरातींपेक्षा अधिक विश्वास ठेवतो. हा विश्वास कसा मिळवला जातो आणि कुठे गमावला जातो, हा प्रश्न मुंबईसारख्या शहरात अगदी व्यवहाराचाही आहे, कारण चौघांच्या कुटुंबाने रविवारी मल्टिप्लेक्सला जायचे की नाही याचा निर्णय बहुतेक वेळा दोन-अडीच मिनिटांच्या झलकेवरच होतो.

अलीकडच्या बदलाचे मूळ एकच आहे. पूर्वीचा ट्रेलर तिकीट काढून अंधारात बसलेल्या, उठून जाण्याची शक्यता नसलेल्या प्रेक्षकासाठी बनत असे. आजचा ट्रेलर मोबाइलवर अंगठा सरकवण्याच्या बेतात असलेल्या माणसासाठी बनतो. लांबी, आकार, आवाज, पहिले पाच सेकंद या सगळ्यांतले बदल या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

पूर्वी चित्रपटाची झलक लोकांपर्यंत कशी पोहोचत असे?

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा झलक दाखवण्याची सोय नव्हती. वर्तमानपत्र आणि हस्तपत्रक यांवरच भिस्त होती. ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर अवघा तीन आणे, अशी फाळक्यांनी केलेली जाहिरात पुढे प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात कथेबद्दल एक अक्षरही नाही हे मला आजही शिकण्यासारखे वाटते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या पोस्टरांनी हेच काम रंगरेषांतून केले. अमेरिकेत १९२० च्या सुमारास नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी निघाली आणि पुढची काही दशके तिथल्या ट्रेलरांचा धंदा बहुतांशी तिच्याच हाती राहिला.

आपल्याकडे ट्रेलर ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर येत असे. या फिल्मचा वेग मिनिटाला ९० फूट, म्हणजे अडीच मिनिटांच्या ट्रेलरला सुमारे २२५ फूट फिल्म लागे, आणि प्रत्येक प्रतीचा खर्च वेगळा. ऑपरेटर ते रीळ मुख्य चित्रपटाच्या आधी किंवा मध्यंतरानंतर लावी. एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात फिरून आलेल्या प्रतीवर ओरखडे पडलेले असत आणि चिकटवलेल्या जागी चित्र क्षणभर उडी मारी. खर्चामुळे ट्रेलर मोजकेच असत, आणि एकच ट्रेलर महिनोन्‌महिने सगळ्यांना सारखाच दिसे.

डोळ्यांपेक्षा कानाने पोहोचलेली झलक मात्र आपल्याकडे फार मोठी होती. विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्यानंतर चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागू लागले, आणि अमीन सायानी यांच्या आवाजात दोन संवाद, एका गाण्याचा मुखडा आणि थिएटरांची नावे ऐकून लोक बेत ठरवीत. नव्वदच्या दशकात केबल आले आणि गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा हीच झलक झाली. भारतीय ट्रेलरचा इतिहास लिहायचा झाल्यास त्यात गाण्याला मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल.

फर्स्ट लूक, मोशन पोस्टर, टीझर, ट्रेलर आणि प्रोमो यांत फरक काय?

फर्स्ट लूक म्हणजे पात्राचे किंवा शीर्षकाचे पहिले छायाचित्र. त्यालाच हालचाल आणि संगीत दिले की मोशन पोस्टर होते. टीझर साधारण मिनिटभराचा असतो आणि त्यात कथेपेक्षा वातावरण असते. ट्रेलर दोन ते तीन मिनिटांचा असून त्यात पात्रे, पेच आणि प्रदर्शनाची तारीख येते. प्रोमो हा शब्द मुंबईच्या व्यवसायात यांपैकी कशालाही वापरला जातो, विशेषतः दूरचित्रवाणीसाठी कापलेल्या वीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांना.

ट्रेलर सुरू होण्याआधी त्याच ट्रेलरची पाच सेकंदांची घाईघाईची झलक का दाखवतात?

यूट्यूबने २०१० च्या सुमारास पाच सेकंदांनंतर वगळता येणाऱ्या जाहिराती आणल्या, आणि फेसबुकसारख्या ठिकाणी व्हिडिओ आपोआप, बहुधा निःशब्द, सुरू होऊ लागले. या पाच सेकंदांत स्फोट, चुंबन, थप्पड आणि नायकाचा चेहरा दाखवला नाही तर माणूस पुढे जाईल, या भीतीतून ही पद्धत आली. हॉलीवूडमध्ये २०१६ च्या आसपास ती रूढ झाली आणि मग आपल्याकडेही आली.

माझ्या मते ही पद्धत मोबाइलवर समर्थनीय आहे आणि थिएटरात निखालस चूक आहे. मोठ्या पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक कुठेही निघून जाणार नसतो. त्याच्यासाठी हळूहळू उलगडणारी सुरुवात ठेवता येते, आणि तरीही पुष्कळदा इंटरनेटसाठी बनवलेलाच कट, म्हणजे कापून जोडलेली आवृत्ती, जसाच्या तसा थिएटरात चालवला जातो.

उभ्या चौकटीतले ट्रेलर ही तात्पुरती लाट आहे का?

तसे दिसत नाही. संध्याकाळी साडेसातच्या विरार लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाचा एक हात वरच्या कडीत असतो आणि दुसऱ्या हातात फोन. फोन आडवा करायला दुसरा हात मोकळा नाही, कानांत इअरफोन असतीलच असे नाही, आणि गाडी दोन स्थानकांमध्ये असली की नेटवर्क मधूनच जाते. या माणसासाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये चेहरे मोठे लागतात, संवाद अक्षरांत पडद्यावर उमटावे लागतात, आणि वीस सेकंदांत एक पूर्ण भाव पोहोचावा लागतो.

आडव्या चौकटीत दोन माणसे समोरासमोर उभी असतात, तेव्हा त्यांच्यामधले अंतर हाच पुष्कळदा त्या दृश्याचा अर्थ असतो. ते दृश्य उभे कापले की एकच माणूस उरतो. म्हणून काही ठिकाणी आता चित्रीकरणाच्या वेळीच मॉनिटरवर उभ्या चौकटीच्या रेषा आखून ठेवतात, म्हणजे पुढे कापताना महत्त्वाचे काही बाहेर जात नाही. निसर्गदृश्ये, गर्दीची दृश्ये, मोठ्या वाड्यातले प्रसंग यांना उभी चौकट कधीच न्याय देऊ शकणार नाही, आणि असे चित्रपट करणाऱ्यांनी आडवा ट्रेलर हाच मुख्य ठेवण्याचा आग्रह धरावा असे मला वाटते.

बहुतेक ट्रेलर एकसारखे का वाटतात?

कारण ते एकाच मापाने कापले जातात. अंधेरी-ओशिवऱ्याच्या संकलन खोल्यांत ट्रेलरचे काम कसे चालते ते पाहिले तर हे लगेच ध्यानात येते. संकलकाकडे दोन-सव्वादोन तासांचा कच्चा कट येतो, ज्यात व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर तयार केलेली दृश्ये, अपुरी असतात आणि पार्श्वसंगीत अजून व्हायचे असते. आधी चांगले संवाद वेगळे काढले जातात, त्यांचा क्रम कागदावर लावला जातो आणि तो ऐकून पाहिला जातो. त्याखाली तयार संगीताच्या संग्रहातला एक तुकडा तात्पुरता अंथरला जातो. या तात्पुरत्या संगीतावर कट बेतले जातात, निर्मात्याला त्याची सवय होते, आणि शेवटी नवे संगीत त्याच चालीवर बनवून घेतले जाते. जगभर हेच मोजके संग्रह वापरले जात असल्यामुळे चढत जाणारा सूर, मग शांतता, मग एक मोठा ठोका, मग शीर्षक, मग एक छोटा विनोद, हा क्रम पाठ झाल्यासारखा वाटतो.

दोन वळणे तर नावानिशी सांगता येतात. २०१० मध्ये ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरांमधला पितळी वाद्यांचा घुमणारा दीर्घ आघात पुढे असंख्य ट्रेलरांनी उचलला. त्याच वर्षी ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरमध्ये एका जुन्या गाण्याची समूहस्वरातली संथ आवृत्ती वापरली गेली, आणि तेव्हापासून परिचित गाणे उदास व सावकाश करून लावण्याची प्रथा पडली. हिंदीतही जुन्या गाण्यांच्या अशा आवृत्त्या आता नेहमीच्या झाल्या आहेत.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण १९६० मधले आहे. ‘सायको’ या भयपटाच्या साडेसहा मिनिटांच्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतः चित्रपटाच्या सेटवरून हिंडत माहिती सांगतात आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा बाजूला करतात. ते सगळे ट्रेलरसाठी वेगळे चित्रित केलेले होते. किंचाळणारी स्त्रीदेखील चित्रपटातल्या त्या दृश्यातली अभिनेत्री नव्हती. भय पोहोचले, गोष्ट शिल्लक राहिली.

ट्रेलरमध्येच सगळी गोष्ट सांगून का टाकतात?

कारण अनेक निर्मात्यांचा असा अनुभव आहे की काय मिळणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक तिकीट अधिक खात्रीने काढतो. २००० सालच्या ‘कास्ट अवे’च्या ट्रेलरने नायक बेटावरून परत येतो हे उघड दाखवले होते, आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी या निर्णयाचे समर्थनच केले. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी लघुकथांवर केलेल्या प्रयोगांत शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा अधिक आवडल्याचे आढळले होते. रामायण-महाभारताच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या आणि तेच नाटक पुन्हापुन्हा पाहणाऱ्या आपल्या समाजाला हे नवल वाटू नये.

तरीही या निष्कर्षाचा आधार घेऊन ट्रेलरने शेवट उघड करावा हे मला पटत नाही. कीर्तनात गोष्ट ठाऊक असते, पण ती सावकाश सांगितली जाते. ट्रेलर तीच गोष्ट दोन-अडीच मिनिटांत कोंबतो आणि सांगण्यातली सगळी गोडी हिरावून घेतो. ट्रेलरने चित्रपटाची प्रकृती खरी सांगावी, म्हणजे तो संथ आहे की वेगवान, हसवणारा आहे की अस्वस्थ करणारा, हे लपवू नये; घटना मात्र पहिल्या अर्ध्या भागापलीकडे नेऊ नयेत. आज पुष्कळदा नेमके उलटे होते, घटना सगळ्या दाखवल्या जातात आणि प्रकृती खोटी सांगितली जाते.

ट्रेलरमधले गाणे किंवा दृश्य चित्रपटात नसेल तर दाद मागता येते का?

या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा भारतीय निकाल महाराष्ट्रातल्याच तक्रारीतून आला. २०१६ मधल्या ‘फॅन’ या चित्रपटाच्या प्रोमोमध्ये असलेले ‘जबरा फॅन’ हे गाणे चित्रपटात नव्हते, म्हणून औरंगाबाद येथील एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देण्याचा आदेश दिला, आणि राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. मात्र एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. प्रोमो हा करारातला प्रस्ताव नसतो, त्यातून निर्माता आणि प्रेक्षक यांच्यात करार निर्माण होत नाही, म्हणून गाणे नसणे ही सेवेतील त्रुटी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

अमेरिकेत ‘यस्टर्डे’ या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये दिसलेली अभिनेत्री चित्रपटात नसल्याबद्दल दोन प्रेक्षकांनी दावा लावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ट्रेलर हे व्यावसायिक भाषण असून त्याला फसव्या जाहिरातींचे कायदे लागू होऊ शकतात असे ठरवले. पुढे तो दावा टिकला नाही. कायद्याच्या दृष्टीने आपल्याकडचा निकाल समजण्यासारखा आहे, कारण संकलनात दृश्ये अखेरपर्यंत गळत असतात. परंतु गाण्यासाठीच लोक थिएटरात जातात अशा देशात, ते गाणे केवळ प्रचारापुरते आहे एवढे एका ओळीच्या सुपरने, म्हणजे चित्रावर उमटणाऱ्या अक्षरांनी, सांगणे निर्मात्यांना जड जाऊ नये.

ट्रेलरला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते का?

थिएटरात दाखवायचा असल्यास लागते. मुंबईत मुख्यालय असलेले केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ ट्रेलरांनाही प्रमाणपत्र देते, आणि केवळ प्रौढांसाठीचा ट्रेलर सर्वांसाठीच्या चित्रपटाबरोबर दाखवता येत नाही. इंटरनेटवर टाकायच्या ट्रेलरला मंडळाचे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. त्यामुळे एकाच चित्रपटाचे दोन वेगळे ट्रेलर फिरताना दिसतात, आणि यूट्यूबवर ऐकलेली शिवी थिएटरात गायब झालेली असते.

थिएटरात ट्रेलर किती वेळ चालावेत याला काही मर्यादा आहे का?

अमेरिकेतील थिएटरमालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रत्येक ट्रेलर दोन मिनिटांच्या आत असावा अशी ऐच्छिक मार्गदर्शक सूचना दिली होती. आपल्याकडे तीन मिनिटांपुढचे ट्रेलर सर्रास दिसतात. बंगळूरूच्या ग्राहक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे पंचवीस मिनिटे जाहिराती व ट्रेलर दाखवून प्रेक्षकाचा वेळ वाया घालवल्याबद्दल पीव्हीआर आयनॉक्सला भरपाईचा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. याच कंपनीने २०२३ मध्ये एक रुपयाच्या तिकिटात अर्धा तास केवळ ट्रेलर दाखवण्याचे खेळ सुरू केले होते. स्वतःहून पाहायला येणाऱ्यांसाठी ट्रेलरांचा वेगळा खेळ, ही कल्पना मला मनापासून आवडली.

चोवीस तासांत कोट्यवधी व्ह्यूज मिळाले म्हणजे चित्रपट चालणार का?

नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या ट्रेलरला पहिल्या चोवीस तासांत ३६.५ कोटी व्ह्यूज मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यात अनेक माध्यमांची बेरीज होती. यूट्यूबवर जाहिरात म्हणून पैसे देऊन चालवलेला ट्रेलर तीस सेकंद पाहिला गेला तरी तो व्ह्यू धरला जातो. आकड्यापेक्षा लोक ट्रेलर शेवटपर्यंत पाहतात का, तो दुसऱ्याला पाठवतात का, याकडे जाणकार निर्माते अधिक लक्ष देतात.

मराठी चित्रपटांसाठी या बदलांचा अर्थ काय?

मराठी चित्रपटाला ट्रेलर हा पुष्कळदा जाहिरातीचा एकमेव मोठा खर्च असतो. होर्डिंग परवडत नाहीत, वर्तमानपत्राचे पूर्ण पान परवडत नाही, आणि पहिल्या आठवड्यात प्रतिसाद मिळाला नाही तर दुसऱ्या आठवड्यात खेळ राहत नाहीत. खेळांच्या वेळांचा वाद इतका जुना आहे की २०१५ मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्सांमध्ये दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात मराठी चित्रपट दाखवण्याबाबत हस्तक्षेप करावा लागला होता. खेळांच्या वेळांइतकीच चर्चा मराठी ट्रेलर कोणत्या चित्रपटाआधी लागतो याचीही व्हायला हवी. दादर-ठाण्याचा मराठी प्रेक्षक हिंदी चित्रपटाला जातोच. तिथे मध्यंतरात मराठी ट्रेलर लागला तर त्याला कळते, नाहीतर चित्रपट येऊन गेल्याचे त्याला महिन्याभराने ओटीटीवर समजते.

दुसरी अडचण कापण्यातली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. मराठी विनोद विरामावर उभा असतो. एखादे पात्र मालवणीत प्रश्न विचारते, समोरचा क्षणभर थांबतो, मान किंचित वळवतो आणि मग दोनच शब्दांत उत्तर देतो. हा क्षण म्हणजे फार तर बारा फ्रेम, अर्धा सेकंद. वेगाच्या हव्यासापोटी संकलकाने त्या बारा फ्रेम काढल्या की शब्द तेच राहतात आणि हसू जाते. बोलीचा कान नसलेल्या माणसाने हिंदीच्या मापाने कापलेल्या ट्रेलरमध्ये वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी सगळ्या एकाच लयीत धावू लागतात. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींनी दशकानुदशके लेखक, कलाकार आणि एखादी नेमकी ओळ एवढ्यावर दादरचे शिवाजी मंदिर नाट्यगृह भरवले आहे. तो संयम आपल्या ट्रेलरांनी जपला तर खर्चही वाढत नाही.

गाणे ही मराठी चित्रपटाची खरी ताकद राहिली आहे. २०१६ मध्ये ‘सैराट’ची ओळख गावोगाव करून देण्यात अजय-अतुल यांच्या संगीताचा वाटा किती मोठा होता हे सर्वांनी पाहिले. मात्र प्रत्येक कथा गाण्याची नसते, आणि संथ, गंभीर चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये खोटा थरार भरला की पहिल्या दिवशी आलेला प्रेक्षक चिडून बाहेर पडतो व ज्याला तो चित्रपट आवडला असता तो माणूस फिरकतच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता ट्रेलर बनवू शकेल का?

काही प्रमाणात ती आधीपासूनच बनवत आहे. २०१६ मध्ये आयबीएमच्या वॉटसन प्रणालीला शंभर भयपटांचे ट्रेलर दाखवून ‘मॉर्गन’ या चित्रपटातले दहा क्षण निवडायला लावले होते. जोडणी मात्र माणसानेच केली. आज योग्य संवाद शोधणे, भाषांतराच्या ओळी तयार करणे, आडव्याचे उभे करणे अशी कामे यंत्र झपाट्याने करते, आणि त्यात गैर काही नाही.

धोका दुसरीकडे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मेगालोपोलिस’चा एक ट्रेलर मागे घ्यावा लागला, कारण त्यात समीक्षकांच्या नावावर दाखवलेली वाक्ये त्यांनी कधी लिहिलीच नव्हती; ती यंत्राने रचलेली असल्याचे तेव्हा सांगितले गेले. यूट्यूबवर न बनलेल्या चित्रपटांचे, यंत्राच्या मदतीने रचलेले बनावट ट्रेलर इतके वाढले की मार्च २०२५ मध्ये अशा दोन मोठ्या वाहिन्यांचे जाहिरात उत्पन्न बंद करण्यात आले. काही हॉलीवूड स्टुडिओ असे ट्रेलर हटवण्याऐवजी त्यांचे उत्पन्न स्वतःकडे वळवून घेत होते हेही तेव्हा उघड झाले, आणि मला ते बनावट ट्रेलरांहूनही खेदजनक वाटते. ट्रेलर अस्सल आहे का हे पाहायचे असल्यास तो निर्मितीसंस्थेच्या किंवा संगीत कंपनीच्या अधिकृत वाहिनीवर आहे ना, आणि शेवटच्या प्लेटवर, म्हणजे अखेरच्या अक्षरपाटीवर, कलाकार-तंत्रज्ञांची पूर्ण नामावली आहे ना, एवढे तपासावे.

पुढच्या काही वर्षांत ट्रेलर कुठे जातील?

प्रत्येकाला वेगळा ट्रेलर दिसण्याची शक्यता सर्वाधिक आहे. नेटफ्लिक्स एकाच चित्रपटासाठी वेगवेगळ्या सदस्यांना वेगवेगळी चित्रे दाखवते हे २०१७ पासून जाहीर आहे. पुढची पायरी म्हणजे प्रेमकथा पाहणाऱ्याला त्याच चित्रपटातले प्रेम आणि मारामारी पाहणाऱ्याला मारामारी दाखवणारा कट. सोयीचे वाटले तरी यात एक नुकसान आहे. घरातल्या चौघांनी चार वेगळे ट्रेलर पाहिले तर ते चार वेगळ्या चित्रपटांची अपेक्षा घेऊन एकाच रांगेत बसतील.

याच्या जोडीला लांब झलक परत येईल असे मला वाटते. २००७ च्या डिसेंबरात ‘द डार्क नाइट’चा सहा मिनिटांचा सुरुवातीचा सलग प्रसंग आयमॅक्स या अतिविशाल पडद्याच्या थिएटरांत दाखवला गेला होता. मराठी निर्मात्यांनी हे जरूर करून पाहावे. चित्रपटाची पहिली पाच मिनिटे न कापता दाखवायला वेगळा संकलक लागत नाही, त्यात फसवणूक होऊ शकत नाही, आणि लेखन चांगले असेल तर प्रेक्षक सहाव्या मिनिटासाठी तिकीट काढतो.

ट्रेलर संकलनाचे काम शिकायचे असल्यास सुरुवात कशी करावी?

सॉफ्टवेअर महिन्याभरात येते; वेळ लागतो तो ऐकायला शिकण्यात. स्वतःच्या किंवा मित्रांच्या लघुपटाचे संवाद आधी चित्राविना लावून पाहावेत आणि केवळ कानांना गोष्टीची ओढ लागते का ते तपासावे. एकाच सामग्रीचे तीन कट करावेत, एक थिएटरसाठी, एक उभा, आणि एक संवादाविना. नंतर तो लघुपट न पाहिलेल्या एखाद्या माणसाला ट्रेलर दाखवून चित्रपट कशा प्रकारचा असेल एवढेच विचारावे, आणि मग त्याला संपूर्ण लघुपट दाखवून त्याचे आधीचे उत्तर किती बरोबर निघाले ते त्याच्याकडूनच ऐकावे. अंधेरी-वर्सोव्याच्या प्रोमो संकलकांकडे सहायकाच्या जागा निघत असतात, आणि तिथे नोकरी मागताना हे तीन कट बरोबर न्यावेत.